घरातील प्लास्टिक आणि अन्नाची नासाडी कमी करताना या चुका टाळा

घरातील कचरा कमी करण्याचा निश्चय बहुतेक जण कचऱ्याच्या डब्याजवळ उभे राहून करतात आणि पहिली चूक तिथेच होते. डब्यात काय पडणार हे खरेदीच्या यादीत आणि फ्रिजच्या कप्प्यांत आधीच ठरलेले असते. डब्यापाशी येईपर्यंत ओले आणि सुके वेगळे करण्यापलीकडे फारसे काही हाती उरत नाही. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के वाटा हॉटेलांचा किंवा दुकानांचा नव्हता, तर घरांचा होता.

जुने टाकून नवे आणणे

उत्साहाच्या भरात घरातील सगळे प्लास्टिकचे डबे एकाच दिवशी बाहेर काढून त्यांच्या जागी काचेच्या बरण्या आणि कापडी पिशव्या आणल्या, तर चांगल्या वस्तूंचा कचरा होतो आणि नव्या वस्तूंच्या निर्मितीचा भार वाढतो तो वेगळाच. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण विभागाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, साध्या सुती पिशवीचा हवामानावरील भार प्लास्टिकच्या पिशवीइतका कमी होण्यासाठी ती किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि इतर सर्व पर्यावरणीय परिणाम धरले तर सुमारे ७,१०० वेळा. उघड्यावर पडणाऱ्या प्लास्टिकमुळे होणारी हानी त्या हिशेबात नाही, त्यामुळे कापडी पिशवी वाईट असा त्याचा अर्थ काढू नये. पण कपाटात पंधरा पिशव्या घडी घालून पडल्या असतील आणि दुकानात गेल्यावर सोळावी घ्यावी लागत असेल, तर तो हिशेब आपल्यालाच लागू होतो. पिशवी कपाटात न ठेवता दाराजवळ, किल्लीच्या शेजारी टांगावी. आहे तो डबा तडकेपर्यंत वापरावा. मात्र जुन्या, ओरखडे पडलेल्या डब्यात गरम पदार्थ भरू नयेत, तो कोरड्या जिनसांसाठी ठेवावा.

वेष्टण गेले आणि भाजीही गेली

दुसरी चूक अधिक नडते, कारण ती करताना आपण चांगलेच काही करत आहोत असे वाटत असते. प्लास्टिक टाळायचे म्हणून पालेभाजी फ्रिजमध्ये उघडीच ठेवली, तर तिथली कोरडी हवा तिच्यातले पाणी ओढून घेते आणि दोन दिवसांत पाने लुळी पडतात. उलट ती धुऊन ओलीच बंद पिशवीत कोंबली, तर पिशवीला आतून घाम फुटल्यासारखे थेंब जमतात आणि जुडीच्या मधोमध, जिथे दोऱ्याने आवळलेल्या काड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, तिथून काळपट चिकटा सुरू होतो. दोरा सोडून, पिवळी आणि दुखावलेली पाने काढून, भाजी न धुता कोरड्या सुती फडक्यात सैलसर गुंडाळावी आणि झाकणाच्या डब्यात ठेवावी. (न फेकलेला तो जुना डबा इथे कामी येतो.)

एवढे करूनही भाजी लवकर खराब होत असेल तर तिचा शेजार तपासावा. पिकलेली केळी, सफरचंदे आणि टोमॅटो एथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने पालेभाज्या पिवळ्या पडतात आणि गाजरे कडवट होतात. दूध फ्रिजच्या दारात ठेवणे सोयीचे असले तरी दार उघडताच सर्वांत आधी तापणारी जागा तीच असल्याने दूध आतल्या फळीवर ठेवावे. ब्रेडची गोष्ट उलटी आहे. फ्रिजच्या तापमानात त्यातील स्टार्चचे स्फटिक वेगाने बनतात आणि तो बाहेर ठेवलेल्या ब्रेडपेक्षा लवकर शिळा होतो, म्हणून तो लागेल तेवढा बाहेर ठेवून उरलेला फ्रीझरमध्ये टाकावा. फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअसपर्यंत असावे आणि तो इतका भरू नये की थंड हवा फिरायलाच जागा उरणार नाही. मागच्या कोपऱ्यातला, झाकणाआडून काहीच न दिसणारा डबा हा बहुतेक घरांत वाया जाण्याच्या वाटेवरच असतो.

तारखेचा चुकीचा अर्थ

‘या तारखेपूर्वी वापरल्यास उत्तम’ ही सूचना चव आणि कुरकुरीतपणा यांविषयी असते, त्यामुळे नीट साठवलेली बिस्किटे किंवा डाळी ती तारीख उलटताच फेकण्याचे कारण नाही. नाशवंत पदार्थांवरील ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही सूचना मात्र सुरक्षिततेची असते. तिथे नुसता वास घेऊन निर्णय करू नये, कारण आजार देणाऱ्या जिवाणूंमुळे वास बदलेलच असे नाही. बुरशी आलेल्या ब्रेडचा तेवढाच तुकडा कापून उरलेला खाणे हीसुद्धा काटकसर नव्हे. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

त्रिकोणावर भरवसा

प्लास्टिकवरील त्रिकोण आणि त्यातील १ ते ७ हा आकडा १९८८ पासून वापरात आहे. तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो, त्या वस्तूवर पुनर्प्रक्रिया होईलच अशी हमी देत नाही. चिप्सच्या पाकिटासारखी अनेक थरांची चकचकीत वेष्टणे आणि तेलाने माखलेले डबे ‘घेतील कुणीतरी’ म्हणून सुक्या कचऱ्यात टाकले, तर चांगला मालही खराब होतो. आपल्याकडील संकलनात काय घेतले जाते ते एकदा विचारून घ्यावे, डबे विसळून कोरडे करून द्यावेत आणि जे घेतले जात नाही ते शक्यतो विकतच आणू नये. ‘कंपोस्ट होणाऱ्या’ पिशव्यांतही हाच घोटाळा आहे: त्यांतील अनेक पीएलए या वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकच्या असतात आणि त्याला कुजायला औद्योगिक कंपोस्टमधले सुमारे ६० अंशांचे तापमान लागते, जे घरच्या पिंपात सहसा येत नाही.

खताच्या पिंपाला वास

वास येणे म्हणजे बहुधा ओलावा जास्त आणि हवा कमी. वाळलेली पाने किंवा फाडलेला पुठ्ठा ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट घालून ढवळले की दोन-चार दिवसांत वास उतरतो. पिंपात फक्त साली आणि देठ जात असतील तर एवढे पुरते. शिजवलेले अन्न रोज पडत असेल तर प्रश्न खताचा नसून मापाचा असतो. आमच्या घरी दर रात्री मूठभर भात उरत असे आणि खत होते म्हणून कुणालाच त्याचे काही वाटत नसे. शेवटी तांदळाच्या डब्यातले माप काढून त्याजागी थोडे लहान माप ठेवले, आणि आठवडाभर ते बदलल्याचे कुणाच्या लक्षातही आले नाही.