बोलोन्यात मुक्काम, रेल्वेने भटकंती

उत्तर इटलीत दररोज सामानासह हॉटेल बदलण्यापेक्षा बोलोन्या येथे मुक्काम करून आसपासची शहरे रेल्वेने पाहणे अधिक सोयीचे ठरते. मोदेना आणि फेरारा साधारण अर्ध्या तासावर आहेत. राव्हेन्नाला तासाहून थोडा अधिक वेळ लागतो, परंतु तेथील मोझेइक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे) पाहता तो सार्थकी लागतो.

या तिन्ही ठिकाणी जाणाऱ्या ‘रेजिओनाले’ म्हणजे प्रादेशिक गाड्यांचे भाडे अंतरानुसार ठरलेले असल्याने आगाऊ आरक्षणाची गरज नसते, मात्र कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरील यंत्रात शिक्का उमटवून घ्यावाच लागतो, अन्यथा दंड होऊ शकतो. फ्लॉरेन्सला जलदगती गाडीने सुमारे चाळीस मिनिटांत पोहोचता येते. तिचे तिकीट लवकर काढल्यास बहुधा स्वस्त पडते. बोलोन्याच्या मुख्य स्थानकात जलदगती फलाट खोल भुयारात असल्यामुळे पंधरा मिनिटे हाताशी ठेवावीत.

मुक्काम स्थानकापासून चालत जाता येईल असा निवडावा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच पाहावी, विशेषतः रविवारी. संप असल्यास कामकाजाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत काही प्रादेशिक गाड्या हमखास धावतात.