स्केटिंग करताना या चुका टाळा : खानदेशातल्या आईबापांसाठी

उन्हाळी सुट्टी लागली की जळगाव-धुळ्यात स्केट्सची खरेदी सुरू होते आणि पहिली चूक दुकानातच होते. "एक माप मोठंच द्या भाऊ, पोराचा पाय वाढतोय." चपलेला हे चालतं. इनलाइन, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केटमध्ये पाय आत हलला की घोटा आत कलतो, चाकांची आतली कडच जमिनीला टेकते आणि पोरगं थोड्याच वेळात नडगी दुखते म्हणून बसून घेतं. रोजचे मोजे घालून पाय आत घाला, टाच मागे ठोकून बसवा, मग बक्कल लावा. ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा, गुडघे वाकवले की सुटावा. घोट्याचं बक्कल घट्ट, बोटांकडची लेस जरा सैल. वाढत्या पायासाठी माप कमीजास्त करता येणारे स्केट्स मिळतात, तेच परवडतात.

हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड बहुतेकजण घेतात. मनगटाचे गार्ड मात्र "पुढच्या महिन्यात". खरं तर पडताना माणूस आपोआप हात टेकतो, म्हणून स्केटिंगमध्ये सगळ्यात जास्त मोडतं ते मनगटच. गार्डची कडक पट्टी रस्त्यावर घसरते आणि दणका हाडापर्यंत कमी पोचतो. पैसे कमी असतील तर साधे स्केट्स घ्या, पण गार्ड घ्याच. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलेलं हवं. मोठा दणका बसलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. ते धाकट्या भावाला देऊ नका.

आता ब्रेक. तो बहुधा उजव्या टाचेला असतो. वेग वाढला की नवखा घाबरून अंग मागे टाकतो, पाय पुढे निसटतात आणि माकडहाडावर आपटतो. थांबायचं असेल तर दोन्ही गुडघे वाकवा, ब्रेकचा पाय अर्धं पाऊल पुढे न्या, त्या पायाचा चवडा उचला आणि खुर्चीवर बसल्यासारखं खाली दाबत जा. अंग किंचित पुढेच ठेवायचं, नजर पायाकडे नाही, समोर. पहिले काही दिवस फक्त हेच करून घ्यावं, असं माझं मत. पोरं कुरकुरतात, करू द्या. सरावलेली मुलं ब्रेक काढून टाकतात, ते बघून नवख्यानं काढायचा नाही. रबर खुणेच्या रेषेपर्यंत झिजलं की बदलायचं.

पडायलाही शिकवावं लागतं. तोल गेला की खाली बसत पुढे पडायचं: आधी गुडघे, मग कोपर, शेवटी तळवे, बोटं वर उचललेली. सगळं सामान चढवून हिरवळीवर सराव करा.

रस्त्याचं म्हणाल तर आपल्याकडे खड्ड्यांपेक्षा ढेकळं वाईट. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या टायरची काळी माती डांबरावर पडते, वाळून दगडासारखी होते. मोटारसायकल तिच्यावरून सहज जाते; सुमारे ७६ मिलिमीटरचं चाक मात्र जागीच अडतं आणि माणूस पुढे फेकला जातो. पावसात तीच माती साबणासारखी निसरडी होते. रावेर-यावलकडे केळीची पानं पडलेली असतात, ती निराळीच. म्हणून आधी एक फेरी पायी मारा. जळगावच्या मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरणारे खूप असतात, तिथे वेग नको. सुरत-नागपूर महामार्गाच्या कडेला तर नकोच नको.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दुपारी डांबर पाघळून चाकांना चिकटतं, हेल्मेट नकोसं होतं आणि पोरं ते काढून ठेवतात. सकाळी आठच्या आत आटोपा.

देखभाल फारशी नाही. चाक आतल्या बाजूनं झिजलं तर झिजलेली बाजू बाहेर येईल असं दुसऱ्या पायाच्या स्केटला लावा. खरखर आली तर बेअरिंगमध्ये धूळ आहे: काढून साफ करा, पूर्ण वाळवा, पातळ मशीन ऑइलचा थेंब पुरे. खोबरेल लावू नका, धूळ चिकटते. चाकांचे बोल्ट अॅलन कीनं (षटकोनी टोकाच्या पान्यानं) अधूनमधून तपासा. चाक मोकळं फिरावं, पण डगमगू नये.

आणि पडल्यावरची चूक. मनगट सुजलं की घरचे तेल लावून चोळतात, नाहीतर हाड बसवणाऱ्याकडे नेतात. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा कोवळा भाग असतो, तो चोळण्यानं आणखी दुखावू शकतो. घडी घातलेलं वर्तमानपत्र आधाराला बांधा, थंड फडकं ठेवा आणि एक्स-रे काढून घ्या. डोक्याला मार लागून उलटी झाली, मूल गुंगल्यासारखं वाटलं किंवा असंबद्ध बोलू लागलं, तर वाट न बघता थेट दवाखाना गाठा.