डीएन/डीएस मोजताय? या चुका टाळा

ओमेगा म्हणजे डीएन (अमिनो आम्ल बदलणाऱ्या फरकांचा दर) भागिले डीएस (अमिनो आम्ल न बदलणाऱ्या फरकांचा दर). तो 1 च्या वर गेला की फायद्याच्या बदलांची निवड सापडली असं वाटतं आणि पेपरचं शीर्षक सुचायला लागतं. थांबा, आधी अलाइनमेंट (क्रमांची एकमेकांखाली केलेली मांडणी) उघडा. खरी नैसर्गिक निवड आणि चुकलेली मांडणी, दोन्ही आकड्यात सारखीच दिसतात.

समजा डीएनएचा क्रम आहे जीसीटी-एएए-जीजीटी-सीटीटी, तीन-तीन अक्षरांचा एक कोडॉन, एका कोडॉनचं एक अमिनो आम्ल: अलॅनिन, लायसिन, ग्लायसिन, ल्युसिन. एका नमुन्यात एक 'ए' गळाला, की तो जीसीटी-एएजी-जीटीसी असा वाचला जातो आणि ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन येतं. पुढचं सगळंच बिघडतं, आणि प्रोग्रामला ती जोरदार निवड वाटते. म्हणून आधी प्रथिनांची मांडणी करा, मग त्यावर कोडॉन बसवा. मधेच स्टॉप कोडॉन (प्रथिन संपल्याची खूण) दिसला तर तो क्रम तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. (मायटोकाँड्रियाची जनुकं असतील तर जेनेटिक कोड बदललात ना? पृष्ठवंशीयांत तिथे टीजीए म्हणजे स्टॉप नव्हे, ट्रिप्टोफॅन.)

दुसरी चूक म्हणजे अख्ख्या जनुकाची सरासरी. 1988 मध्ये ह्यूज आणि नेई यांनी एमएचसीच्या (रोगप्रतिकारशक्तीच्या) जनुकांत प्रतिजन, म्हणजे परक्या प्रथिनांचे तुकडे, पकडणारा भाग वेगळा काढला, तेव्हा तिथे डीएसपेक्षा डीएन जास्त निघाला. उरलेल्या भागात मात्र उलटं चित्र होतं. सगळं एकत्र घातलं असतं तर हे दडून गेलं असतं.

डीएसही बघा. फार दूरच्या प्रजातींत एकाच जागी पुनःपुन्हा बदल होऊन तो संपृक्त होतो (खरे बदल नीट मोजता येत नाहीत), फार जवळच्यांत शून्याला टेकतो, आणि मग ओमेगा 99 किंवा 999 दिसतो. तो निकाल नव्हे, भागाकाराचा घोटाळा.

कोडएमएल या ओमेगा काढणाऱ्या प्रोग्राममध्ये एम8 (काही जागी ओमेगा 1 च्या वर जाऊ देणारं मॉडेल) चा लॉग-लाइकलिहूड (मॉडेल माहितीशी किती जुळतं याचं माप) एम7 (तसं जाऊ न देणारं मॉडेल) पेक्षा कमी आला? असं होऊच शकत नाही, कारण एम7 हा एम8 च्याच पोटात आहे. प्रोग्राम अडकलाय, ओमेगाची सुरुवातीची किंमत बदलून दोन-तीनदा चालवा.

एकाच प्रजातीतले नमुने असतील तर ओमेगा जपून वापरा, कारण तिथले फरक अजून अख्ख्या प्रजातीत पक्के झालेले नसतात. अशा वेळी प्रजातीतले आणि प्रजातींमधले फरक शेजारी मांडावेत. 1991 मध्ये मॅकडोनाल्ड आणि क्राइटमन यांनी फळमाशीच्या एडीएच (अल्कोहोल मोडणारं विकर) जनुकात तेच केलं: प्रजातींमध्ये पक्के झालेले 24 फरक, त्यांतले 7 अमिनो आम्ल बदलणारे, प्रजातींच्या आत 44, त्यांत असे फक्त 2. म्हणजे प्रजातींमध्ये अमिनो आम्ल बदलणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त.