गावातलं दारूचं दुकान बंद करायचंय? मग आडव्या बाटलीची तयारी अशी करा

दारूची दुकानं किती असावीत यावर गावोगावी वाद होतात, पारावर, ग्रामसभेत, व्हॉट्सॲप ग्रुपवर, पण तक्रारी करून दुकान हलत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी एक सरळ कायदेशीर रस्ता आहे, 25 मार्च 2008 चा शासनाचा आदेश, ज्याला सगळे आडवी बाटली म्हणतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे आणि आडवी म्हणजे बंद.

आधी हिशोब समजून घ्या, कारण बहुतेक गावं इथंच हरतात. अर्ज करायला गावातल्या एकूण मतदारांपैकी किंवा नुसत्या महिला मतदारांपैकी 25 टक्के सह्या लागतात. बायकांचाच अर्ज करा, सोपं जातं आणि या विषयात सगळ्यात जास्त सोसतंय कोण ते सगळ्यांना माहितीच आहे. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिलांपैकी 50 टक्क्यांपेक्षा जास्त मतं आडवीला पडायला पाहिजेत, आलेल्यांपैकी नाही, यादीतल्या! समजा यादीत 1200 बायका आहेत, तर 300 सह्या झाल्या की अर्ज झाला, पण जिंकायला 601 मतं लागतात. 700 जणी आल्या, 550 आडवीला आणि 150 उभीला, तरी दुकान चालूच. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते असं समजूनच कामाला लागा.

म्हणून सह्यांच्या आधी मतदार यादी हातात घ्या. वारलेल्या बायका, लग्न होऊन गेलेल्या मुली, कायमच्या शहरात गेलेल्या, या सगळ्यांची नावं यादीत तशीच असतात आणि त्या एकूण आकड्यात धरल्या जातात. बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, गाठून फॉर्म 7 भरा, नावं कमी करून घ्या. नवीन आलेल्या सुनांचं नाव पहिल्यांदाच नोंदवायचं असेल तर फॉर्म 6, माहेरच्या यादीतून इकडं आणायचं असेल तर फॉर्म 8. कंटाळवाणं काम आहे खरं, पण माझ्या मते अर्धी लढाई हीच.

मग दुकानाची माहिती. वाईन शॉप म्हणजे एफएल-2, परमिट रूम म्हणजे एफएल-3, देशीचं दुकान सीएल-3, बिअर शॉपी एफएल/बीआर-2. लायसन्स कुणाच्या नावावर, पत्ता कुठला, कधीपासून, हे राज्य उत्पादन शुल्कच्या जिल्हा अधीक्षकांकडं माहिती अधिकारात मागा, दहा रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात कुठलं दुकान ते नीट लिहा, नुसतं "गावातली दारू बंद करा" असं मोघम नको.

अर्ज जिल्हाधिकारी किंवा अधीक्षकांकडं द्यायचा आणि पोच घ्यायचीच. त्यानंतर सह्यांची पडताळणी होते आणि तिथं पण गळती होते, यादीत नाव एक आणि सही दुसरीच, किंवा त्या दिवशी बाई मजुरीला गेलेली. त्यामुळं 25 टक्क्यांवर थांबू नका, 40 टक्के तरी गोळा करा आणि सहीपुढं यादीतला अनुक्रमांक लिहा. पडताळणीची तारीख कळली की गल्लीनिहाय दोन-दोन जणींवर जबाबदारी द्या. मतदानाच्या दिवशीपण तीच माणसं, तीच यादी, आणि शेतात गेलेल्यांना दुपारपर्यंत आणायला गाडी. मतदान गुप्त असतं हे प्रत्येकीला घरी जाऊन सांगा, नवऱ्याला कळेल या भीतीनं कितीतरी जणी येतच नाहीत.

शहरात राहत असाल तर मार्च 2025 मध्ये अजित पवारांनी विधानसभेत सांगितलेलं लक्षात ठेवा: महापालिका हद्दीत वॉर्डात झालेल्या मतदानात 75 टक्के मतं बंदच्या बाजूनं पडली तर दुकान बंद, आणि सोसायटीत नवीन बिअर शॉपी किंवा दारूच्या दुकानाला सोसायटीची एनओसी पाहिजे. त्याची लेखी प्रत अधीक्षक कार्यालयातून मागून घ्या मगच पुढं जा.

दुकान अजून आलंच नसेल तर काम खूप सोपं आहे. वाईन शॉप आणि देशीची नवी लायसन्स 1970 च्या दशकापासून बंद आहेत, म्हणजे अशी "नवी" दुकानं येतात ती बहुतेक दुसरीकडून स्थलांतर होऊन. त्यासाठी ग्रामपंचायतीकडं ना हरकत मागितली जाते, त्यामुळं ग्रामसभेत, विशेषतः आधी होणाऱ्या महिला सभेत, विरोधाचा ठराव करून इतिवृत्तात लिहून घ्या. लिहून होईपर्यंत उठायचं नाही.

दुकान बंद केलं तर हातभट्टी वाढेल असं समोरचे म्हणणारच, आणि त्यात तथ्य आहे. चंद्रपूरमध्ये 2015 ला दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये उठवली, तेव्हा अवैध दारूचंच कारण दिलं गेलं. पण त्यावर उत्तर दुकान चालू ठेवणं हे नाही. दारूबंदी कायद्यातल्या 2016 च्या सुधारणेनं ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली आहे, गावातलीच माणसं अवैध दारूची खबर देतात आणि पोलीस, उत्पादन शुल्कवाल्यांना येऊन कारवाई करावी लागते. आडव्या बाटलीचा अर्ज ज्या दिवशी द्याल त्याच दिवशी दलाची मागणीपण देऊन टाका, निकाल लागेपर्यंत वाट बघू नका, कारण दुकानाला कुलूप लागलं की पहिल्याच आठवड्यात हातभट्टीच्या पिशव्या विकणारे गावात फिरायला लागतात.