पेशीला ऑक्सिजनची टंचाई कशी कळते? उत्तर लिहिताना या चुका टाळा

राजवाड्यामागे माझी बी.एस्सी.ची शिकवणी चालते. या धड्यावर बहुतेक वह्यांत एकच वाक्य सापडतं: ‘ऑक्सिजन कमी झाला की पेशी एचआयएफ (टंचाईत कामाची जनुकं चालू करणारं प्रथिन) बनवते.’ मार्क इथेच जातात.

एचआयएफचा अल्फा भाग पेशी सदासर्वदा बनवतच असते, आणि ऑक्सिजन पुरेसा असेपर्यंत लगेच मोडीतही काढते. अर्धायुष्य जेमतेम पाच मिनिटं! उधळपट्टी वाटते खरी. पण टंचाई आली की नव्याने बनवत बसायला नको, मोडणं थांबलं की झालं. आपल्या इंदुरात घरात कचरा साठत नाही, तो काही कचरा होत नाही म्हणून नव्हे. रोज सकाळी गाडी येते म्हणून.

दाखला आवडला की मुलं पुढची चूक करतात: ‘ऑक्सिजन नसला की गाडी बंद.’ गाडी चालूच असते हो! प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे विकर खुद्द ऑक्सिजन वापरून अल्फावर हायड्रॉक्सिलची खूण करतं. ती ओळखून व्हीएचएल हे प्रथिन त्यावर युबिक्विटिनची ‘मोडीत काढा’ अशी चिठ्ठी चिकटवतं, मग प्रोटिएझोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचे तुकडे करतं. ऑक्सिजन नाही तर खूण नाही, मग उचलायचं काय? गाडी खरोखर बंद पडते ती व्हीएचएलचं जनुक बिघडल्यावर. तेव्हा ऑक्सिजन असूनही एचआयएफ साठतो, आणि मूत्रपिंडात, मेंदूत रक्तवाहिन्यांनी गच्च गाठी होतात. कॅलिन हे संशोधक या आजारावरूनच इथवर पोचले. 2019 चं नोबेल त्यांना, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना मिळून मिळालं. (एचआयएफ शोधणारे ते सेमेन्झा, नावांची अदलाबदल नको.)

लेहला विमानातून उतरल्यावर श्वास वाढतो, तोही एचआयएफच्या खात्यावर टाकू नका. ते काम मानेतल्या, रक्तातला ऑक्सिजन जोखणाऱ्या कॅरोटिड बॉडीचं, काही सेकंदांतलं. एचआयएफ जनुकं चालू करतो. त्यातून एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक) वाढायला तास लागतात, तांबड्या पेशी वाढायला दिवस.

आणि एरिथ्रोपोएटिन बनतं ते मुख्यतः मूत्रपिंडात. अस्थिमज्जा फक्त त्याचा हुकूम पाळते. म्हणून तर मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात रक्त कमी होतं. त्यासाठी भारतात 2022 मध्ये मान्य झालेली डेसिड्युस्टॅट ही गोळी खूण करणाऱ्या विकरालाच अडवते. ऑक्सिजन असतो, पण पेशीला वाटतं टंचाई आहे. आकृतीत या औषधाची फुली प्रोटिएझोमवर मारणारे दरवर्षी दोघंतिघं निघतातच. फुली हायड्रॉक्सिलेजवर मारायची.