पायलट व्हायचंय? मग अपघातांचे अहवाल वाचा

गोंदियाच्या खेड्यातली पोरं बिरसी विमानतळावरून उडणारी लहान विमानं बघत मोठी होतात आणि बारावी झाली की विचारतात, "दादा, पायलट व्हायला काय लागतं?" बारावीला फिजिक्स-मॅथ्स, क्लास वन मेडिकल म्हणजे पायलटची वैद्यकीय तपासणी, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीचं सरकारी खातं) पेपर, २०० तासांचं उड्डाण. फी भरायच्या आधी मेडिकल करून घ्या. शेत गहाण पडल्यावर डोळ्यांत दोष निघाला, तर घर बुडतं.

मला बोलायचंय ते मेटिऑरॉलॉजीबद्दल, म्हणजे हवामानाच्या पेपरबद्दल. हा पेपर पोरं नुसता पाठ करतात, आणि आयसिंगचा, म्हणजे उडत्या विमानावर बर्फ धरण्याचा, धडा तर आपल्याकडे परकाच वाटतो. मला तो समजला कॅनडातल्या एका अहवालामुळे. ६ ऑक्टोबर २००५, विनिपेग. सेसना कॅराव्हॅन हे लहान विमान, आत कुरियरचा माल आणि एकटी पायलट. पहाटे उड्डाण झालं, विमान बर्फ धरणाऱ्या ढगांत शिरलं. काही मिनिटांतच तिने परत येतो म्हणून कळवलं. विमान शहरातल्या रेल्वे रुळांवर कोसळलं. ती वाचली नाही.

पंखावर बर्फ धरला की उचल घटते, ओढ वाढते आणि नेहमीपेक्षा जास्त वेगालाच विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख उचल धरेनासे होतात. त्यात या विमानाचं वजन उड्डाणाआधीच मर्यादेपेक्षा जास्त होतं, आणि बर्फाच्या हवेत ती मर्यादा आणखी खाली येते. चिखलाच्या पांदणीत धानाचे चार कट्टे जास्त भरलेली ट्रॉली रुतते, तेव्हा निदान खाली उतरता येतं. वजन आणि हवामान हे पेपर वेगळे असले, तरी पायलटला ते एकत्रच सोडवावे लागतात, आणि तेही जमिनीवर असतानाच.

आपल्याकडे बर्फ नाही असं समजू नका. ऐन पावसाळ्यातही साधारण ५ किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली जातं. मे महिन्यातल्या वादळी ढगांतून पडणाऱ्या गारा तिथेच तयार होतात.

आजपासून एक सवय लावा. सकाळी नागपूरचा मेटार (विमानतळाचा ताजा हवामान अहवाल) उघडा आणि तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते) बघा. डिसेंबरात दोन्ही आकडे ११ वर आले की बाहेर या: बऱ्याचदा धुक्यात बांधीपलीकडचा विजेचा खांब दिसत नसेल. मग एएआयबीचा, म्हणजे आपल्याकडच्या विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेचा, एखादा अहवाल घ्या. ते फुकट मिळतात. निष्कर्षाचं पान झाका, वजनाचा हिशेब आणि हवामान स्वतः कागदावर मांडा, "मी उडालो असतो का?" याचं उत्तर लिहा आणि मगच ते पान उघडा.