नवीन पाळकांसाठी थोडं: वर्षाचा आराखडा कसा बांधायचा आणि माझा २०२६ चा बेत

बी.डी. (पाळक होण्यासाठीची पदवी) करून नुकतेच मंडळीत आलेले तरुण पाळक डिसेंबर लागला की फोन करून एकच गोष्ट विचारतात, नवीन वर्षाचं प्लॅनिंग कसं करता. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, चार-पाच वर्षं हिब्रू होतं, ग्रीक होतं, मंडळीचा इतिहास होता, उपदेश कसा बांधायचा तेही होतं, पण जानेवारी ते डिसेंबरची वही कशी भरायची हे कोणी समोर बसवून सांगत नाही. म्हणून मी माझं कसं चालतं ते लिहितोय, आणि २०२६ मध्ये काय करायची आशा आहे तेही. मी नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत पाळक आहे. तालुक्याच्या गावी एक चर्च आणि आजूबाजूच्या खेड्यांत छोट्या छोट्या मंडळ्या. मुंबई-पुण्याच्या मंडळीतल्यांनी आपापल्या हिशोबाने बदल करून घ्यावा.

माझं म्हणणं एकच आहे. चर्चचं वर्ष आणि लोकांचं वर्ष ही दोन वेगळी कॅलेंडरं आहेत, आणि आराखडा आधी लोकांच्या कॅलेंडरवर मांडायचा, मग त्यात चर्चचे सण बसवायचे. उलटं केलं की कागद छान दिसतो आणि बाकं रिकामी राहतात.

तरी चर्चच्या तारखा आधी वहीत लिहून टाका, त्या काही आपल्या सोयीने हलत नाहीत. २०२६ मध्ये भस्मबुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आहे, झावळ्यांचा रविवार २९ मार्च, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) ३ एप्रिल, ईस्टर ५ एप्रिल, पवित्र आत्मा उतरल्याचा सण पेंटेकॉस्ट २४ मे, आणि आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २९ नोव्हेंबर. ईस्टर दरवर्षी सरकतो कारण तो २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी धरतात, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कधीही. भस्मबुधवार ते पेंटेकॉस्ट सगळं त्याच्याबरोबर हलतं. मागच्या वर्षीची वही कॉपी करून चालत नाही ते यामुळे. रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी, म्हणजे रविवारच्या पाठांची ठरलेली यादी, वापरत असाल तर तिचं तीन वर्षांचं चक्र आहे आणि यंदा पहिलं वर्ष चालू आहे, म्हणजे आगमनकाळापर्यंत बहुतेक रविवारी मत्तयचं शुभवर्तमान. मी जानेवारीतच मत्तय पुन्हा एकदा सलग वाचून काढतो, शनिवारी रात्री उपदेश शोधत बसावं लागत नाही.

आता वॉच नाईट. ३१ डिसेंबरच्या रात्री जे लोक येतात त्यातले कितीतरी जण वर्षभर दिसलेले नसतात, मुंबईहून पुण्याहून सुट्टीला आलेली मुलं असतात, सासरहून आलेल्या मुली असतात, म्हणून ती उपासना जीव लावून तयार करा. उपदेश छोटा ठेवा. साक्षीला आणि उपकारस्तुतीला वेळ द्या, वर्षात जे गेले त्यांची नावं वाचा, जी बाळं जन्मली त्यांचीही वाचा. माझा पाठ बहुतेक स्तोत्र ९० नाहीतर लूक १३ मधला अंजिराच्या झाडाचा दृष्टांत असतो, तीन वर्षं फळ नाही म्हणून मालक तोडायला सांगतो आणि माळी म्हणतो अजून हे एक वर्ष राहू द्या, मी आळं करून खत घालतो. नवीन वर्षाकडे बघायला मला याहून चांगली जागा शास्त्रात सापडलेली नाही, कारण यात आशेबरोबर काम पण आहे.

त्या रात्री बऱ्याच मंडळ्यांत घरटी एक वचनाचं कार्ड उचलायची पद्धत आहे. लोकांना ते फार आवडतं आणि मी ते बंद केलेलं नाही, पण वचन म्हणजे वर्षाचं भविष्य नव्हे हे स्पष्ट सांगायला पाहिजे. मी कार्डाच्या मागे अध्याय लिहून देतो आणि सांगतो, जानेवारीत घरी बसून तो अख्खा अध्याय वाचा. नंतर घरभेटीला गेलं की त्यावरूनच बोलणं सुरू होतं, त्याचा फार फायदा होतो.

पहिला रविवार ४ जानेवारी. मेथडिस्ट परंपरेत नवीन वर्षाला कराराची उपासना घेतात, जॉन वेस्लींनी ती १७५५ मध्ये पहिल्यांदा घेतली. सीएनआय १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली आणि त्यात ब्रिटिश मेथडिस्ट परंपराही आली, त्यामुळे ही उपासना आपल्या घरातलीच आहे. मी आता माझ्या मर्जीने नाही तर प्रभूच्या मर्जीने चालेन, कामाला लाव नाहीतर बाजूला ठेव, अशा अर्थाची ती प्रार्थना आहे. नवीन पाळकाने ती आधी स्वतः म्हणावी, मग मंडळीकडून म्हणवून घ्यावी. वर्षाचे बेत त्यानंतर जाहीर करायचे.

आता लोकांचं कॅलेंडर. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण इथेच सगळं आहे.

आमच्या खेड्यांतली बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. म्हणजे आगमनकाळ, नाताळ, वॉच नाईट, भस्मबुधवार, हे सगळं ज्या महिन्यांत येतं त्याच महिन्यांत ही माणसं गावात नसतात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि काही शाळेतली पोरं. पाळक नाताळचा कार्यक्रम मोठा करतो आणि वर्षभर म्हणत राहतो की खेड्यातले लोक येत नाहीत. ते येणार कुठून, ते ऊसतोडीच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, आहेत!

म्हणून २०२६ चा माझा पहिला बेत असा, की जानेवारीत आणि फेब्रुवारीत तळावर जायचं. आपली कुटुंबं कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहेत ते दिवाळीआधीच विचारून लिहून ठेवायचं, मोबाईल नंबर घ्यायचे, मुकादमाशी नीट बोलून ठेवायचं. आणि वेळ त्यांची धरायची. पहाटे अंधारात कोयता हातात घेऊन निघतात, गाडी भरायला कधीही बोलावणं येतं, तिथे रविवार सकाळी दहाची उपासना ही कल्पनाच लागू नाही. संध्याकाळी चुली पेटल्यावर जायचं, दोन गाणी, एक छोटा पाठ, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, आणि शेजारच्या कोपीतले जे येऊन बसतील त्यांच्यासकट. सोबत पोरांच्या वह्या, थंडीची पांघरुणं आणि शक्य असेल तर एखादी नर्सताई न्यायची, बायकांच्या तब्येतीचे प्रश्न तिथे पाळकाला कोणी सांगत नाही. तुम्ही अजून डीकन (दीक्षेची पहिली पायरी) असाल तर प्रभुभोजनाचा विधी तुम्हाला चालवता येत नाही, तेव्हा एखाद्या प्रेसबिटरची (पूर्ण दीक्षा झालेल्या पाळकाची) तारीख आधीच घेऊन ठेवा, ऐनवेळी कोणी मिळत नाही.

याच हिशोबाने बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करायच्या विधीचे) वर्ग मी एप्रिलअखेर ते जूनमध्ये ठेवतो, माणसं घरी असतात, शाळेला सुट्टी असते. पावसाळा आणि पेरण्या सुरू झाल्या की पुन्हा कोणाला वेळ नाही. वर्ग घेताना हेही लक्षात ठेवा की सीएनआयमध्ये बालकांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा दोन्ही चालतात, बाप्टिस्ट आणि ब्रेदरन परंपरा पण या एकीत आहेत, त्यामुळे एकाच घरात सासूचं मत एक आणि सुनेच्या माहेरचं दुसरं असं होतं. घाई करू नका, दोघींना बसवून ऐका.

तरुण संघाचं सांगायचं तर दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या उपवासकाळात येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये तरुणांचं शिबिर ठेवू नये, परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या घरी जाऊन प्रार्थना करून यावं, बस. शिबिर मेमध्ये.

उपवासकाळात संध्याकाळच्या प्रार्थना चर्चमध्ये न घेता घरोघरी घ्यायच्या असं यंदा ठरवलंय, आणि आठवड्यातून एकदा भजन. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, भजन, कीर्तन यातून ख्रिस्त मराठी माणसाच्या ओठावर आणला, आणि त्यांचं कितीतरी काम याच नगरच्या मातीत झालं. तरी आज आमच्या पोरांना टाळ धरता येत नाही, कीबोर्ड येतो. कीबोर्डला माझा विरोध नाही हो, पण टाळ-मृदंग वाजवणारे जुने लोक अजून आहेत तोवर पोरांनी त्यांच्याजवळ बसून शिकावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

वाचनाचं एक सोपं गणित देतो. वर्षात पूर्ण पवित्र शास्त्र वाचायचं तर ११८९ अध्याय होतात, रोजचे तीनच्या वर, आणि बरेच जण लेवीयला येऊन थांबतात. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक धरला तर ५२ आठवड्यांत बरोबर पूर्ण होतो आणि दोन दिवस राहून गेलेलं भरून काढायला मिळतात. मोबाईलच्या ग्रुपवर रोज सकाळी अध्यायाचा नंबर टाकायचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी आवाजात रेकॉर्ड करून टाकायचा. हे काम तरुण पोरींना द्या, त्या फार छान वाचतात.

पैशाचं लवकर उरकतो. हिशोबाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं तेव्हा बजेट फेब्रुवारीच्या पास्टोरेट कमिटीत (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत) मांडायलाच पाहिजे, तळावर जायचा प्रवासखर्च त्यात स्वतंत्र लिहा नाहीतर तो तुमच्या खिशातून जातो. भिंतीच्या रंगासाठी पैसे निघतात, डिझेलसाठी मागावे लागतात. शांतपणे मागा, कारण सांगा, मिळतात.

आणि स्वतःसाठी एक दिवस, माझा सोमवार आहे. मयत असली तर अर्थात जायचं, पण बाकी सोमवार घरच्यांचा. पाळकबाईंना, म्हणजे पाळकाच्या बायकोला, मंडळी गृहीत धरते, महिला मंडळ त्यांच्याकडे, संडे स्कूल त्यांच्याकडे, पाहुण्यांचा चहा त्यांच्याकडे. वर्षाचा आराखडा कमिटीला दाखवायच्या आधी त्यांना दाखवा, तारखा त्यांनाही विचारा.

शेवटची आशा तुमच्यापैकी काहींच्या कामाची आहे. आमच्या मंडळीतल्या एका मुलीला बी.डी. करायचं आहे. सीएनआयमध्ये बायकांना पाळकीय दीक्षा मिळते, तरी खेड्यात अजून लोक विचारतात की बाई प्रभुभोजन देणार का. देणार, आणि मला ते बघायचं आहे. तिच्यासाठी आधी पास्टोरेट कमिटीची शिफारस लागेल, मग डायोसिसची (बिशपच्या हाताखालच्या विभागाची), मग सेमिनरीची प्रवेश परीक्षा. पुण्यात युनायटेड थिऑलॉजिकल आणि युनियन बिब्लिकल अशा दोन्ही सेमिनरी आहेत त्यामुळे लांब जायला नको. मे-जूनमध्ये धावपळ करण्यापेक्षा तिचा अर्ज मी जानेवारीच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर पहिलाच घातलाय, आणि तुमच्याकडे असं कोणी मुलगा-मुलगी असेल तर तुम्हीही जानेवारीतच घाला.